पालखीपुढची काळी पेटी

आमच्या गावच्या शिमग्यात पालखीपुढे जी सनई वाजते ती सनई नव्हे. ते एक जुनं सिंथेसायझर आहे, माझ्या थोरल्या भावाचं, आणि दादा गेल्यापासून ते मी वाजवतो. वाजवतो म्हणजे गाव चालवून घेतं. मी जन्मभर रत्नागिरीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवलं. पेटीवर बोटं फिरतात ती लहानपणी वडिलांनी कान धरून भजनाला बसवलं म्हणून. शिमगा जवळ आला की रत्नागिरीच्या रहाटाघर स्टँडवर एसटी पकडतो, गावी वहिनीकडे उतरतो, वाजवतो आणि परत येतो. दादाला मूलबाळ नव्हतं. वहिनी त्या घरात एकटीच राहते आणि ते यंत्रही तिच्याकडेच असतं. आमची ही माझ्या या फेरीला ‘ड्युटी’ म्हणते. मी कधी तिची चूक काढली नाही.

गाव त्या यंत्राला काळी पेटी म्हणतं, कारण भजनाची पेटी तपकिरी आणि ही काळी. अंग पत्र्याचं, एकट्याने उचलली तर कंबर धरेल इतकी जड. बटणं अशी सपाट की दाबली गेली की नाही ते कळत नाही. मधोमध एक चिंचोळा पडदा आहे, त्यावर दोन ओळींत इंग्रजी अक्षरं उमटतात. बोटीवर नोकरीला असलेल्या एका गाववाल्याने ती कुठल्याशा बंदरात घेतली, हौसेने घरी आणली आणि पलंगाखाली सारली. दादा तेव्हा रत्नागिरीत एका ऑर्केस्ट्रात वाजवायचा. लग्नं, गणपती, कुठल्या कचेरीचं स्नेहसंमेलन, असं काय काय. त्याने ती पेटी पलंगाखालून बाहेर काढली आणि पुढचं आयुष्य तिच्याशी बोलण्यात घालवलं. माझ्याशी बोलायला त्यातून वेळ उरला नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. निदान पूर्वी लिहिलं असतं तेवढं तक्रार म्हणून नाही.

आमच्या वयात अंतर मोठं. मी कळता झालो तेव्हा तो मिशा कातरत होता. त्यात मी लहानपणी फार उशिरा बोलायला लागलो. आईने देवीला नारळ बोलला, वडिलांनी वैद्य केले, आणि मी आपला सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसायचो. पुढे जो बोलायला लागलो तो थांबेचना, तेव्हा गप्प बसवायलाही एक नारळ बोलायला हवा होता, असं आई म्हणायची. शाळेत माझा तास घंटा झाल्यावरही चालायचा. मुलं बिचारी घड्याळाकडे बोट दाखवायची. भांडणात मात्र जुनी सवय राहिली. कुणी काही लागट बोललं की त्याचं उत्तर मला दुसऱ्या दिवशी सुचतं. दादा चारचौघांत माझी ओळख करून देताना ‘हा आमचा धाकटा’ म्हणायचा आणि तिथेच थांबायचा. धाकटा काय करतो, कसा आहे, यावर पुढे त्याला काही म्हणायचं नसे.

गावात खरी सनई होती तेव्हाचं आधी सांगायला हवं. ती वाजवणारे म्हातारे आमच्या वाडीच्या टोकाला राहायचे. सनईचा मान त्यांच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. शेवटी शेवटी त्यांना दम लागायचा. प्रत्येक सूर धरण्याआधी ते घशातल्या घशात एकदा खाकरायचे, मग सूर जरा खालून उचलायचे आणि वर नेऊन बसवायचे. एखाद्या जाणकाराने कपाळाला आठ्या घातल्या असत्या. आम्हाला मात्र सनई अशीच असते असं वाटायचं. ते गेले. त्यांची मुलं मुंबईला, कुणी सनई हातात धरलेली नाही. त्या वर्षी पालखी नुसत्या ढोल-ताशावर नाचली, आणि खाली ठेवताना खांदेकरी म्हणाले की पालखी जड लागली. पालखी जड लागणं ही आमच्याकडे हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. गावकी बसली. पुढच्या शिमग्याला दादाने काळी पेटी सहाणेवर आणली. सहाण म्हणजे देवळासमोरचा चौथरा, तिथे पालखी नाचवतात आणि मग बसवतात. शाळेची दोन बाकं जोडून त्यावर पेटी ठेवली, देवळातून वायर ओढली आणि फणसाला कर्णा बांधला.

त्याआधीचे कित्येक महिने दादा कानाला हेडफोन लावून बसला होता. जेवायला हाक मारली तरी ऐकू जायची नाही, म्हणून वहिनी त्याला स्वयंपाकघराच्या दारातून काजूच्या बिया मारायची. बी डोक्यावर बसली की तो उठायचा.

आता थोडं विज्ञान सांगतो, शिक्षकाची खोड म्हणून. आजकालच्या कीबोर्डवर सनईचं बटण दाबलं की कुणीतरी कुठल्यातरी स्टुडिओत खरोखर वाजवलेली सनई ऐकू येते. काळ्या पेटीत तसं नाही. तिच्यात खरा असा एकही आवाज भरलेला नाही. एक साधी लाट, तिला हलवणारी दुसरी, दुसरीला हलवणारी तिसरी, आणि कुणी कुणाला किती जोरात, किती उशिरा आणि किती वेळ हलवायचं त्याचे आकडे. त्या आकड्यांतून घंटा निघते, काच निघते, मधमाशी निघते. खरं तर कुठलंच वाद्य हुबेहूब निघत नाही, त्याच्या जवळपासचं काहीतरी निघतं. त्या जवळपासमध्येच तिची सगळी गोडी आहे, असं तिचं वेड असलेले लोक म्हणतात. असे लोक अजून आहेत. अलीकडे मुंबई-पुण्याचे पाहुणे शिमग्याला येतात आणि त्यातला एखादा पालखीकडे पाठ करून पेटीचेच फोटो काढत बसतो. नवं यंत्र दर वर्षी येतं नि जुनं होतं, हे जुनं झालं ते झालं, आणखी जुनं होत नाही, असं त्यातला एक जण मला सांगत होता. मी मान हलवली. माझ्यापुरती ती एक जड वस्तू होती.

दादाने मात्र तिच्यातून सनई काढली नाही, त्याने त्या म्हाताऱ्यांना काढलं. आधी ती खाकर, मग खालून उचललेला सूर, मग त्याचं वर जाऊन बसणं, सगळं. पहिल्या वर्षी कर्ण्यातून तो आवाज आला तेव्हा ताशेवाल्याचा हात थांबला. बायकांनी पदर तोंडाला लावले. पालखी हलकी झाली, असं खांदेकऱ्यांनी सांगितलं. मी तिथेच उभा होतो आणि विजेचा दाब कमी-जास्त होतोय, पेटी जळायची, एवढाच विचार करत होतो.

दादा गेल्यावर एका शिमग्याला आमच्या मुंबईच्या मंडळाने नवाकोरा कीबोर्ड आणला. हेतू चांगला होता. माझं वाजवणं त्यांनी ऐकलं होतं. त्या कीबोर्डमधली सनई फार सुंदर, कुणा मोठ्या वाजवणाऱ्याची असणार. पालखी उचलली, एक फेरी झाली, आणि सगळ्यांत वडीलधाऱ्या मानकऱ्यांनी हात वर केला.

“थांबवा रे. कुणाच्या लग्नाला आलाव आपुन?”

सगळी सहाण हसली. कीबोर्ड खोक्यात गेला आणि काळी पेटी परत बाकांवर आली. मंडळाच्या मुंबईतल्या सत्यनारायणाला आता तो कीबोर्ड वाजतो आणि तिथे तो शोभतोही.

दादाचं दुखणं लांबलं नाही. रत्नागिरीच्या इस्पितळात शेवटचे दिवस मी त्याच्या उशाशी बसून काढले. उन्हाळा सरत आला होता, समुद्राकडून मळभ चढत होतं. एका संध्याकाळी त्याने डोळे उघडले आणि बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी म्हणेल. मी खुर्ची जवळ ओढली.

“पाऊस येतोय,” तो म्हणाला. “पेटीत बल्ब लाव.”

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. त्या वाक्याचा राग मी किती वर्षं धरला हे सांगताना मला संकोच वाटत नाही. इतक्या वर्षांच्या भावाला सांगायला माणसाकडे शेवटी एवढंच असतं? तेराव्याला गावी गेलो तेव्हा पाहिलं, बल्ब लागलेला होता. वहिनीने तो आधीच लावला होता. म्हणजे तेवढ्या कामालाही माझी गरज नव्हती.

बल्बचं असं आहे की आमच्याकडे पावसाळ्यात सगळ्याला बुरशी धरते. चपलेला धरते, पोथीला धरते, चष्म्याच्या घराला धरते. म्हणून दादाने पेटीसाठी फणसाच्या लाकडाचं खोकं करून घेतलं होतं आणि त्याच्या कोपऱ्यात एक बारका पिवळा बल्ब, चार महिने पेटता. नवे एलईडी उजेड देतात, ऊब देत नाहीत. त्यामुळे तापणारे जुने बल्ब मिळेनासे झाल्यावर वहिनीने माहेरच्यांना, शेजाऱ्यांना, मुंबईकरांना कामाला लावलं. तिच्याकडे गव्हाच्या डब्यात अजून बरेच बल्ब पुरलेले आहेत. ती ते काढून दाखवते तेव्हा हसू येतं, आणि ती दाखवते तेही हसवण्यासाठीच.

मागच्या खेपेला, शिमग्याच्या दुसऱ्याच दिवशी, पेटी सुरू केली तेव्हा पडद्यावर बॅटरीची सूचना आली. या पेटीच्या पोटात बॅटरीचा एक सेल असतो. वीज नसताना पेटीची आठवण तो राखतो. दादाने बनवलेले सगळे आवाज बत्तीस कप्प्यांत, आणि ते बत्तीसही त्या सेलच्या भरवशावर. सेल मेला की कप्पे रिकामे. सेल बदलायचा तर पेटी खोलायला लागते, तो आत डागाने जोडलेला असतो. आधी आवाज कुठेतरी उतरवून घेतले नाहीत तर बदलतानाच सगळं पुसलं जातं. सेल किती दिवस टिकेल कुणी सांगू शकत नव्हतं. सनईचा कप्पा गेला की पालखीपुढची सनई गेली. पण माझ्या डोक्यात दुसरंच घोळायला लागलं. हा माणूस जन्मभर जे काही बोलला ते या पेटीशी बोलला. ते सगळं पुसलं गेलं की दादा खरोखरचा संपला. आणि माझ्यासाठी त्यात काही नसलं, तरी काही नाही हे एकदा बघायचं राहूनच गेलं असतं.

मी वहिनीला म्हटलं, रत्नागिरीहून माणूस आणतो आणि सेल बदलून घेतो. ती म्हणाली, “आधी कौल लावूया भावोजी.”

“पेटी आपली आहे ना वहिनी?”

“आपली कशी? देवीम्होरं वाजली, देवीची झाली.”

यावर वाद घालून उपयोग नसतो. दसऱ्याला पेटीवर हळदकुंकू पडत होतं, सगळ्यांत वरच्या पट्ट्यांच्या फटीत झेंडूची सुकलेली पाकळी मी स्वतः पाहिली होती. आमच्याकडे पालखीसंबंधी काहीही ठरवायचं तर देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. वहिनी, मानकरी आणि मी देवळात गेलो. गुरवांनी पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं.

“बा देवी म्हाराजा, तुझ्या पालखीफुडची पेटी उघडून आतला सेल बदलायचा हाय. तुला मान्य असंल तर उजवा दे, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

डावी पडली, तीही लगेच. मी वर पाहिलं, तर गाभाऱ्याच्या दारावरचा पंखा गरगरत होता. मुंबईच्या मंडळाचीच देणगी. मी म्हटलं, पंखा बंद करून पुन्हा लावून बघू या का? गुरवांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या शाळेतल्या मुलांची दया आली. एवढी वर्षं मी त्यांच्याकडे असंच बघत होतो. नकार तो नकार. पुढच्या शिमग्यापर्यंत तोच प्रश्न पुन्हा विचारायचा नसतो, आणि सेल तोवर थांबणार नव्हता.

घरी येऊन मी ओटीवर धुसफुसत बसलो. चूक देवीची नव्हती. चूक प्रश्नाची होती. आवाज राखायचे का, असं विचारायला हवं होतं, आणि आम्ही पाच-सहा शहाणी माणसं पेटी उघडायची का, हे विचारून आलो होतो. देवीने उघडू नका म्हटलं, राखू नका असं कुठे म्हटलं होतं? हे मला सुचलं दुसऱ्या दिवशी सकाळी, अर्थात.

सावर्ड्याचा एक जण बेंजो पार्ट्यांना साऊंड देतो, त्याला मी फोन लावला. तो बोलका गृहस्थ, हसतच सुटला. “काका, उघडायची गरजच नाय. मागे केबलचं भोक असेल, त्यातून सगळं लॅपटॉपवर येतं. सेल मेला तरी परत भरता येईल. मी रविवारी येतो. तुम्ही तोवर एक काम करा. सगळे आवाज एकदा ऐकून ठेवा, म्हणजे परत भरल्यावर बरोबर आलेत का ते तुम्हाला कळेल.”

वहिनीला विचारलं. तिने थोडा विचार केला. “न उघडता असंल तर देवीची काय हरकत नाय.” देवीच्या वतीने ती इतक्या खात्रीने बोलते की गुरवांची गरज का लागते, असा प्रश्न पडतो.

मग दुपारी जेवणं झाल्यावर मी पेटी ओटीवर लावली, जुना स्पीकर जोडला आणि पहिल्यांदाच तिच्यासमोर बसलो. इतक्या वर्षांत मी पहिल्या कप्प्यातली सनई सोडून दुसरं बटण दाबलेलं नव्हतं. कशाला दाबायचं? मी ड्युटीवर होतो. वहिनी आत रात्रीच्या भाजीसाठी हाताला तेल लावून फणसाची कुयरी चिरत होती.

पेटीच्या पडद्यावर प्रत्येक आवाजाचं नाव येतं, दादाने बसून एकेक अक्षर टाकलेलं. दुसऱ्या कप्प्यात ‘शाळा’ होती. पट्टी दाबली तर रुळाच्या तुकड्यावर टोला पडला, आमच्या गावच्या शाळेचाच, मागे रेंगाळणाऱ्या घरघरीसकट. पुढे ‘एसटी’. खालची पट्टी धरली तर घाटीवर दुसऱ्या गिअरात रडणारी गाडी. मी एकटाच हसलो. ‘बोट’ होती, ‘जातं’ होतं. ‘आबा’ नावाचा एक आवाज होता, तो म्हणजे पहाटे वडील घसा साफ करायचे तो, आणि त्यावर चक्क सारेगम वाजवता येत होतं. ‘कांकणं’ लावली तेव्हा बारीक काच किणकिणली आणि आतला विळीचा आवाज थांबला.

“ते माझं हाय,” वहिनी आतून म्हणाली. आणि विळी परत सुरू झाली.

त्या माणसाला आपण ओळखतो असं मी समजत होतो. घुम्या, आपल्यातच असणारा, यंत्राला चिकटलेला. आणि तो तर सगळं घर, सगळा गाव त्या यंत्रात घालून बसला होता. मला राग आला. खरंच आला. वडील आहेत, बायको आहे, शाळेची घंटा आहे, डेपोची गाडीसुद्धा आहे. मी एकेक कप्पा पुढे जात राहिलो, आणि आपण काय शोधतो आहोत हे मला चांगलं ठाऊक होतं.

शेवटून दुसऱ्या कप्प्यात नाव आलं, ‘धाकटा’.

मी पट्टी दाबली. काही नाही. दुसरी दाबली. काही नाही. स्पीकरची पिन हलवली, आवाज वाढवला, जोरात दाबली, तीन-चार ठिकाणी दाबून पाहिली. नुसती शांतता. नाव टाकलं आणि पुढे कंटाळला, असं मला वाटलं. तेही त्याला शोभण्यासारखंच होतं. ‘हा आमचा धाकटा’, आणि पुढे काही नाही. मी पुढचं बटण दाबायला बोट उचललं.

“धरून ठेवा की भावोजी!” वहिनीचा आवाज आला. “लगेच सोडताय कशाला? तो उशिरा बोलतो.”

मी पट्टी दाबली आणि धरून ठेवली. बाहेर कोंबडी कुणावर तरी ओरडत होती. मग कुठून तरी, इतक्या हळू की सुरुवात कुठे झाली ते सांगता येणार नाही, एक आवाज यायला लागला. बासरीसारखा, पण बासरी नव्हे. जरासा कापरा. तो वाढत गेला, भरत गेला, ओटी भरून राहिला. त्याला गोड म्हणावं असा होता. मी बोट उचललं, तर तो थांबेना. बोट काढून घेतल्यावरही तो कितीतरी वेळ बोलतच राहिला.

वहिनी दारात येऊन उभी राहिली, तेलकट हात पुढे धरून. “थांबत नाय लवकर,” ती म्हणाली. “हे म्हणायचे, बोलायला लागला की घंटा झाली तरी थांबत नाय.”

“हे कधी वाजवायचा तो?”

“तुमी बरेच दिवस फिरकला नाय की, संध्याकाळचा दिवा लावला की वाजवीत बसायचे. मी म्हणायची, पत्र टाका, फोन करा. तर म्हणायचे, येईल. त्याला जरा धरून बसावा लागतो.”

“मला कधी सांगितलं नाहीत वहिनी.”

“तुमी कधी विचारलात?” ती म्हणाली, रागाने नव्हे, आणि भाजी करायला आत गेली.

मी ओटीवर बसून रडलो. या वयात, भर दुपारी, दादा जाऊन इतकी वर्षं झाल्यावर. तो गेला त्या दिवशी मी रडलो नव्हतो. शेजारची बाई कढीलिंब मागायला आली, तिने मला पाहिलं आणि तशीच परत गेली. नंतर गावात तिला काय सांगायचं असेल ते सांगो. बल्ब लावायला त्याने मला का सांगितलं तेही मग कळलं, उशिराच. पेटीत कोण कोण आहे हे त्याला ठाऊक होतं.

रविवारी सावर्ड्याचा माणूस आला, केबल लावली, आणि चहा गार व्हायच्या आत सगळं त्याच्या लॅपटॉपवर गेलं. त्या पावसाळ्यात सेल मेला. यंदा शिमग्याला पेटी सुरू केली तर पडद्यावर नुसती गिचमीड उमटली, कुठली अक्षरं कळेनात. देवीचा शब्द मोडायचा नाही म्हणून सेल बदललेला नाही आणि बदलणारही नाही. त्यामुळे आमच्याकडे आता एक नवीच रीत पडली आहे. पालखी उचलायच्या आधी सहाणेवर पेटीला केबल लावायची, तिला सगळं पुन्हा सांगायचं, आणि पालखी बसेपर्यंत वीज तोडायची नाही. वीज तोडली की ती सगळं विसरते. देवळाची वायर सांभाळणारे वायरमन यंदा पालखी बसेपर्यंत वायरीपाशी ठाण मांडून होते. मानकऱ्यांना हा प्रकार पसंत आहे. ते म्हणतात, वर्षाचं वर्षाला सांगितलेलं बरं.

यंदा सनई चांगली वाजली. खाकर जिथल्या तिथे होती. पालखी बसली, माणसं घरोघरी जेवायला पांगली. ऊन कलायला लागलं होतं. सहाणेवर मी आणि वायर गुंडाळायला थांबलेले वायरमन, दोघेच उरलो. मी शेवटून दुसरा कप्पा लावला आणि एक पट्टी धरली. फणसावरचा कर्णा चालूच होता.

“काका, काढू काय वायर?” त्यांनी विचारलं.

“थांबा जरा. वाजवतोय.”

त्यांनी कर्ण्याकडे पाहिलं, मग माझ्या बोटाकडे. “वाजत तर काय नाय.”

“वाजेल,” मी म्हटलं. “त्याला जरा धरून बसावं लागतं.”